रहाटाला तेल

चौलच्या वाड्यांतून रहाटाला कोणी तेल घालत नसे. रेड्याच्या डोळ्यांवर झापड बांधून त्याला जुंपलं की तो एकटाच गोल फिरत राही आणि माणसं आपापल्या कामाला लागत. लाकूड कुरकुरतंय तोवर रेडा चालतोय आणि पाणी पाटात पडतंय, हे घरबसल्या कळायचं. कुरकुर थांबली की मामंजी, म्हणजे माझे सासरे, ओटीवरून अशी आरोळी ठोकत की रेड्याबरोबर स्वयंपाकघरात मीही दचकून दोन पावलं पुढे सरकत असे. रहाटाला तेल घालणं म्हणजे राखणदाराच्या तोंडात बोळा कोंबणं, असं ते म्हणत.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षीचा तो चैत्र होता. मला पहिलटकरणीला पाचवा महिना लागला होता. यजमान मुंबईला गोदीत होते, त्यामुळे घरात सासूबाई, मामंजी आणि मी अशी तीनच माणसं. त्यातही मामंजींशी सुनेने बोलायची रीत नव्हती. ते आले की मी आत जायचं, एवढाच आमचा व्यवहार.

आणि त्याच महिन्यात माझं डोकं उठलं. आधी डोळ्यांपुढे खाडीच्या पाण्यावर ऊन नाचतं तसं काहीतरी नाचू लागायचं. तांदूळ निवडत असले तर अर्धं सूप दिसायचं, अर्धं नाही. मग डाव्या डोळ्यामागून कळ निघायची ती मानेपर्यंत. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास आला तरी पोटातलं सगळं बाहेर. शेजारणी म्हणाल्या, डोहाळे आहेत. डोहाळे म्हणे! चिंच मागायचे ते डोहाळे, मी तर अंधार मागत होते.

सासूबाईंनी उपाय करायचं काही बाकी ठेवलं नाही. सुंठ उगाळून लावली. मग दृष्ट काढली. निखाऱ्यावर मिरच्या-मोहऱ्या पडल्या की सगळं घर खोकायचं आणि माझं डोकं आणखी भडकायचं. डोकं भडकलं म्हणजे दृष्ट जबर, म्हणून पुढच्या वेळी मिरच्या जास्त. हसायला आता येतं. तेव्हा एकदा माझा तोल सुटला आणि मी कोठीच्या खोलीतून रडत ओरडले, "तो रहाट तरी थांबवा हो! फेऱ्याफेऱ्याला कोणीतरी डोक्यात खिळा ठोकतंय!"

"रहाट थांबवून वाडी जाळू काय?" सासूबाई म्हणाल्या. "चैत हाय गो. सुपारीची रोपं चार दिसांत माना टाकतील. आणि ही अर्धशिशी हाय, डाग दिल्याबिगर जायची न्हाय. माझ्याबी वेळंला दिला हुता."

त्यांच्या डाव्या कपाळाशी, पदराखाली, चिंचोक्याएवढा काळा डाग होता. तो मी रोज पाहत होते, पण कशाचा ते त्या दिवशी कळलं. येत्या अमावास्येला डाग देणारी म्हातारी येणार, विळ्याचं टोक तापवणार आणि माझ्या कपाळाला लावणार, असं ठरलं. मला चेहऱ्याची भीती नव्हती असं नाही. पण त्याहून भीती होती ती पोटातल्या जिवाची. त्या दचक्याने काही झालं तर, हा एकच विचार मनात घर करून बसला. ओटीवर मामंजी सुपारी कातरत होते. अडकित्त्याचा आवाज मध्येच थांबला, एवढं मला आठवतं.

पुढची कळ आली तेव्हा मी कोठीत पडून रहाटाची वाट पाहत होते, दात खाऊन. रहाट वाजलाच नाही. आरोळीही नाही. मला झोप लागली, आणि जाग आली तेव्हा ऊन कललं होतं, डोकं दुखून दुखून गळून गेल्यासारखं हलकं झालं होतं. पहिला विचार आला तो रेडा मेला की काय हा. मी मागच्या दाराशी गेले. रहाट फिरत होता. लोटे भरभरून वर येत होते, पाट वाहत होता, आणि आवाज म्हणून नव्हता. सगळा लाकडी आस खोबरेलाने निथळत होता आणि रेड्यामागून, हातात काठी घेऊन, मामंजी चालत होते. राखणदाराचं तोंड बंद केलं, म्हणून राखण स्वतः करत होते.

त्यानंतर माझं डोकं उठलं की वाडी मुकी व्हायची. शेजारचे कुंपणावरून विचारत, "काय तात्या, वडाचं सात फेरं झालं का अजून बाकी हायत?" ज्यांच्या आरोळीने कावळे उडायचे ते मामंजी उत्तरादाखल नुसती काठी दाखवत. दुखणं गेलं नाही, पण झोप मिळाली की लवकर उतरायचं. अमावास्येला म्हातारी विळा घेऊन आली तेव्हाही मी झोपलेली होते. सासूबाईंनी दारातून मला पाहिलं आणि तिला नारळ देऊन परत लावलं. "निजलीय ती," एवढंच म्हणाल्या.

श्रावणात मला मुलगी झाली, धडधाकट. कपाळ कोरं ठेवून मी आई झाले. त्या दोघांची मी जन्मभराची ऋणी आहे, आणि हे मी त्यांना कधी तोंडाने सांगू शकले नाही.

मुलगी रांगायला लागली तेव्हा एकदा सासूबाईंच्या डोक्याला तेल लावताना त्या डागावर माझं बोट थांबलं. मी विचारलं, "याने गुण आला होता का हो?"

"आला की. त्या दिशी हे वाडीत हुते. माझा आवाज ऐकून यांनी रहाट थांबवला, मग पुन्ना चालू केला. काय करतील? थोरली मान्सं हुती घरात."

"आणि डोकं?"

"डोकं दुखायचं राहिलं न्हाय गो. मी सांगायची राहिले."

"म्हणजे अजूनही?"

त्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. उजेडाकडे पाठ केली, मी करायची तशीच. बाहेर रहाट कुरकुरत होता.

मी तेलाची वाटी घेऊन तडक विहिरीवर गेले. आसाला तेल घातलं, काठी उचलली आणि पदर खोचून रेड्यामागून चालू लागले. मामंजी बांधावर उभे होते. रीतीप्रमाणे मी आत जायला हवं होतं, पण मी गेले नाही. त्यांनी वाटीकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. ते खाली उतरले, माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि चालू लागले.

त्या दिवशी सासूबाई दिवेलागणीपर्यंत झोपल्या.