दोन मिनिटं अकरा सेकंद

तिला वसतिगृहात सगळ्या रेडिओ म्हणायच्या. नाव पहिल्याच सकाळी पडलं. मजल्यावर चाळीस मुली आणि दोन न्हाणीघरं. रांग जिन्यापर्यंत गेलेली. सगळ्या पेंगत उभ्या. एवढ्यात रांगेच्या शेवटून एक नाकातला, सरकारी आवाज आला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. न्हाणीघर क्रमांक दोन पंचवीस मिनिटं उशिरानं धावत आहे. आतल्या प्रवाशानं साबण आवरता घ्यावा."

आतून हसण्याचा आवाज आला आणि दार उघडलं. त्या पुकारणाऱ्या मुलीला तोवर कुणी ओळखतही नव्हतं.

तो आवाज तिनं वडिलांचा उचललेला होता. ते बसस्थानकावर सव्वीस वर्षं गाड्या पुकारायचे. मग घशाला कर्करोग झाला. डॉक्टरांनी माणूस वाचवला, आवाज काढून घेतला. गळ्याला पुढून एक भोक राहिलं, त्यात नळी, श्वास तिथूनच. नाकातोंडाला काही काम उरलं नाही.

आमची खोली एकच होती. तीन वर्षं. दोघींचा विषयही एकच, साहित्य. मी मनात वाचायची, ती मोठ्यानं. पुस्तक माझ्या हातात असलं तरी मला तिचंच पान ऐकू यायचं. मी उशी फेकली की म्हणायची, "फुकट ऐकतेस, वर तक्रार!"

मी तिच्या उलट. कॉलेज मिशनरी फादरांचं, वसतिगृह सिस्टरांचं. नियमांची छापील पुस्तिका पहिल्या दिवशी मिळाली आणि मी ती खरंच वाचली. सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मी रोज असायची. परीक्षेच्या आठवड्यातही. मुली मला पोपची मावशी म्हणायच्या. मला ते वाईट वाटायचं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटायचं.

दुपारी चार वाजता तिचा फोन वाजायचा. घरून, जुन्या तारेच्या फोनवरून. वर्ग चालू असला तर ती पोटात कळ आल्यासारखा चेहरा करून बाहेर जायची. तत्त्वज्ञानाचे म्हातारे फादर म्हणायचे, "चारच्या ठोक्याला हिचं पोट दुखतं. ह्याला कार्यकारणभाव म्हणतात. लिहून घ्या." ती बाहेर पायऱ्यांवर बसून दिवसभराचं सगळं सांगायची. तिकडून वडील बोटातली अंगठी फोनवर वाजवायचे. एकदा म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही. एवढ्यावर ते रोज अर्धा तास बोलायचे.

"जेवलास? ... खोटं बोलू नकोस, बाबा. आईला विचारीन. ... आता कसं दोनदा वाजवलंस!"

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी त्यांच्या घरी गेले होते. दोन खोल्या, खिडकीखाली पलंग, पलंगाशी फोन. आई इस्पितळाच्या धुलाई विभागात कामाला. दुपारी घरात ते एकटेच. त्यांनी पाटीवर मला लिहून विचारलं, "हिच्या बडबडीत झोप लागते का?" मी म्हटलं, "नाही, काका." त्यांनी पलंगाच्या दांड्यावर अंगठी एकदा वाजवली आणि खांदे हलवत हसले. हसणं गळ्यातल्या भोकातून शिट्टीसारखं आलं. मी दचकले. आई म्हणाली, "घाबरू नकोस. घरात दोन भोंगे होते. एक बिघडला, एक तुमच्याकडे पाठवला. आता कुठे मला माझे विचार ऐकू येतात." आणि मग पदरानं त्यांच्या गळ्याशी हलकेच पुसलं.

शेवटच्या वर्षी तीन दिवसांचं मौन असतं. सक्तीचं. मैदानापलीकडच्या जुन्या घरात सगळ्या वर्गानं राहायचं. प्रार्थना, वाचन, जेवण, आणि एक शब्द नाही. जाताना फोन बंद करून एका लोखंडी पेटीत ठेवायचे. पेटीला कुलूप. चावी वर्गातल्या एका मुलीकडे. अडचण आलीच तर बोलायचं नाही, चिठ्ठी लिहून वॉर्डन सिस्टरना द्यायची. हे सगळं पुस्तिकेत होतं. पान अकरा.

रेडिओ हवालदिल झाली. "सिस्टर, मी झोपेत बोलते, त्याचं काय?"

"झोपेतलं देव मोजत नाही," सिस्टर म्हणाल्या.

"मग मी तीन दिवस झोपूनच राहते."

"चावी कुणाकडे द्यावी?" सिस्टरनी वर्गाला विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. 

आदल्या दुपारी ती पायऱ्यांवर बसून वडिलांना सांगत होती. मी शेजारी होते. "उद्यापासून तीन दिवस मी बोलणार नाही. तू पण नाही, मी पण नाही. फिट्टंफाट! ... रागावलास? ... नाही ना? मग झालं. काही लागलंच तर फोन कर. चावी पोपच्या मावशीकडे आहे."

मग माझ्याकडे वळली. "माझा फोन बंद करू नकोस. तेवढा एक. बाबा चारला सवयीनं करील, वाजू दे. पण लक्ष ठेव."

"ठेवते," मी म्हटलं.

नियम तिथेच मोडला होता. एका मैत्रिणीसाठी मोडला म्हणून मी खूश होते आणि अस्वस्थही.

पहिल्या दिवशी चारला फोन वाजला. पेटी वाचनाच्या खोलीमागच्या लहान खोलीत होती आणि मी तिथे टेबलाशी बसलेली. पेटीत तो फोन पत्र्यावर थरथरला. थोड्या वेळानं थांबला. मी पुन्हा वाचू लागले.

दुसऱ्या दिवशी चारला वाजला. थांबला. पुन्हा वाजला. थांबला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उठून कुलूप काढलं. तिचा फोन उचलून कानाला लावला.

मी काही बोलले नाही. समोर भिंतीवर सिस्टरनी लावलेला कागद होता. त्यावर एकच शब्द होता, मौन.

तिकडून श्वास आला. घरघरल्यासारखा, मध्येच अडकणारा. काकांचा श्वास तसाच असतो, मला वाटलं. मी एकदाच ऐकला होता. मग अंगठी वाजली. दोनदा. थोडं थांबून पुन्हा दोनदा. पुन्हा दोनदा.

नाही. नाही. नाही.

मला वाटलं, ते रुसलेत. मुलगी बोलत नाही, म्हणून नाही-नाही करताहेत. मी गालात हसले. हेही सांगायला हवं, म्हणून सांगते. मी तिथे फोन धरून हसले.

एक प्रश्न विचारला असता तर पुरे होतं. काका, बरे आहात ना? मला त्यांची भाषा येत होती. किंवा चिठ्ठी. सिस्टर दोन दारं पलीकडे होत्या. चिठ्ठीपुरता कागद टेबलावर होता, पेनही होतं.

वाजणं थांबलं. मी जरा वेळ थांबले आणि फोन ठेवला. पडद्यावर आलं, दोन मिनिटं अकरा सेकंद. मग तो पुन्हा वाजू नये म्हणून मी तो पूर्ण बंद केला. बाकीच्यांसारखा. पेटीला कुलूप लावलं. संध्याकाळच्या प्रार्थनेत मी देवाला सांगितलं की आज मोह झाला होता, पण मी बोलले नाही. मला अभिमान वाटत होता.

आई साडेसहाला कामावरून घरी आली. गळ्यातली नळी कफानं जवळजवळ बंद झाली होती. ते पलंगाशेजारी जमिनीवर होते, श्वास जेमतेम. तिनं त्यांना इस्पितळात नेलं. आईनं मुलीला फोन लावला. बंद. रात्रभर बंद. सकाळी तिनं इस्पितळातल्या कुणाकडून तरी कॉलेजच्या कचेरीचा नंबर मिळवला.

तिसऱ्या दिवशी न्याहारीला आम्ही सगळ्या गप्प बसलो होतो. फक्त चमचे वाजत होते. वॉर्डन सिस्टर आत आल्या आणि त्यांनीच मौन मोडलं. तिला हाक मारली. तीन दिवसांत कानावर पडलेला तो पहिला शब्द. तिचं खरं नाव. ऐकायची सवयच नव्हती, म्हणून ती पटकन उठलीसुद्धा नाही.

मी पेटी उघडून फोन तिच्या हातात दिला. तिनं तो चालू केला. पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. बसनं सहा तास लागतात. ती पोचली त्याच्या तासभर आधी ते गेले.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर सांगता आलं असतं. काय सांगता आलं असतं ते बोलले नाहीत.

दहा दिवसांनी ती परत आली. तोंडी परीक्षा पंधरा दिवसांवर होती. तीन प्राध्यापक, वीस पुस्तकांची यादी, वीस मिनिटं. लेखीत कितीही गुण असोत, तोंडीला गप्प राहिलं तर पदवी नाही. आणि रेडिओ बोलत नव्हती. विचारलं तर मान हलवायची. जेवणाच्या रांगेत बोटानं दाखवायची. न्हाणीघराच्या रांगेत मुली तिच्याकडे बघायच्या आणि मग आपापल्या टॉवेलकडे. पुस्तक उघडून बसायची, ओठ हलायचे नाहीत. खोली इतकी शांत झाली की मला वाचता येईना.

चार वाजता ती पायऱ्यांवर जाऊन बसायची. फोन मांडीवर.

मी रोज ठरवायची, आज सांगायचं. ते सांगितल्यावर ती परीक्षेत कायमची गप्प होईल, ही भीती मी स्वतःला पुढे करायची. खरी भीती दुसरी होती. मी त्या म्हाताऱ्या फादरांकडे पापनिवेदनाला गेले. ते जाळीपलीकडून म्हणाले, "देवाचं मी बघतो. तिचं काय करणार आहेस?"

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघी वरच्या मजल्यावर बाकावर बसलो होतो. तिचा नंबर माझ्या आधीचा. शिपाई दाराशी यादी घेऊन उभा. आत कुणीतरी अडखळत उत्तर देत होतं.

मी म्हटलं, "फोन मी उचलला होता."

"माहीत आहे." आवाज बसलेला होता. बऱ्याच दिवसांनी नळ सोडावा तसा. "दोन मिनिटं अकरा सेकंद. चावी तुझ्याकडे होती. मी काय शेंगा खाते?"

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून." ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. "काय वाजवलं त्यानं?"

"दोनदा."

"एकदाच दोनदा?"

"नाही. पुन्हा पुन्हा."

"वाजवून दाखव."

माझ्या बोटात अंगठी नव्हती. मी चावीनं बाकावर वाजवलं. चावी अजून माझ्याकडेच होती, सिस्टरनी मागितली नव्हती आणि मी दिली नव्हती. दोनदा. थांबून दोनदा. थांबून दोनदा. शिपायानं मान वर केली.

"थांबून म्हणजे किती?"

मी पुन्हा वाजवलं.

"तू काही बोलली नाहीस?"

"नाही."

"एक शब्द नाही?"

"नाही."

ती मग सावकाश म्हणाली, "मी त्याला सांगून आले होते, तीन दिवस बोलणार नाही. फोन उचलला गेला. कुणी बोललं नाही. त्याला वाटलं असणार, मीच आहे."

हे मला तोवर सुचलंच नव्हतं. वीस पुस्तकं पाठ होती आणि हे सुचलं नव्हतं.

शिपायानं तिचा नंबर पुकारला. ती उठेना. त्यानं पुन्हा पुकारला, नाकातून, ओढून. ती एकदम उठली आणि आत गेली.

दार लागलं. काही ऐकू येईना. मी घड्याळाकडे बघत होते. एक मिनिट. दोन मिनिटं. आणखी अकरा सेकंद मोजले. मग तिचा आवाज सुरू झाला. आधी घोगरा, मग मोकळा. शब्द कळत नव्हते. ती थांबत नव्हती. कुणी प्रश्न विचारायच्या आत पुढचं सांगत होती. गाडी सुटायच्या आत सगळी गावं सांगून टाकावीत तशी.

वीस मिनिटांनी बाहेर आली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"झालं?" मी विचारलं.

तिनं नखानं बाकावर एकदा वाजवलं.

"आईला माहीत आहे?"

दोनदा. आणि मग म्हणाली, "तिला वाटतं, बाबाचा फोन लागलाच नाही."

माझ्या हातात चावी होती. ओली झाली होती. मी म्हटलं, "मी तुझ्याबरोबर घरी येते. आईंना मी सांगते. येऊ?"

आत खुर्च्या सरकल्या. शिपायानं यादीतलं एक नाव खोडलं. तिनं बोट उचललं आणि बाकावर टेकवलं. एकदा.

मी दुसऱ्या ठोक्याची वाट बघत बसले.

शिपायानं माझा नंबर पुकारला. बोट तिथेच होतं, बाकावर टेकलेलं. मी उठले.