छाती फुगव

शिंप्यानं मापाची फीत छातीभोवती गुंडाळली की मला बेळगावचं पलटणीच्या भरतीचं मैदान आठवतं. लढाईचे दिवस होते. थोरला भाऊ अण्णा आणि मी बोरगावाहून गेलतो. अण्णा तालमीतला गडी, दारातनं तिरकं होऊन शिरावं लागावं अशी छाती. मी काटकुळा, नुसता सोबतीला म्हणून रांगेत उभा. अण्णा निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायचा. त्याच्या अंगाला कायम खकाण्याचा, तंबाखूच्या बारीक धुळीचा, उग्र वास यायचा. खोकायचाही, पण एवढ्या छातीला काय होतंय, असं आई म्हणायची. हवालदारानं फीत लावली आणि म्हणाला, "आता फुगव." अण्णाची मान लाल झाली, फीत जागची हलली नाही. "फुगव की रं!" "फुगवलीच हाय की, सायेब," अण्णा हळूच म्हणाला. त्याला बाजूला काढलं. माझ्या बरगड्यांवर मात्र फीत चांगली सरकली आणि मला घेतलं. निघताना अण्णानं भरतीसाठी शिवलेला सदरा काढून माझ्या हातात दिला. "लई ढगळ हुईल रं, पर घाल." पहिल्या रजेला घरी आलो, तर अण्णा खोकून खोकून गेलेला. आता मीही चांगला जाड झालोय, तरी तो सदरा मला ढगळच होतो.