वाकलेला पाव

आमच्या गल्लीत सकाळ शिंगाच्या आवाजाने व्हायची. भट्टीतून पाव निघाला की वेसेल दारात उभा राहून बैलाचं शिंग फुंकायचा, आणि एन्खौझेन बंदराच्या त्या टोकाला राहणाऱ्या आम्ही बायका टोपल्या घेऊन निघायचो. फुंकायचा तो गालांतून नाही, पोटातून. त्याची बायको लीस्बेट आतून ओरडायची, "हळू रे. मेलेलेसुद्धा उठून पाव मागायला येतील." तेव्हा आम्ही हसायचो. 'पांढरा करकोचा' परत यायच्या आधीची ही गोष्ट.

'पांढरा करकोचा' हे जहाज. मिऱ्यांसाठी जावाला निघालेलं. तेव्हा अजून पूर्वेच्या व्यापाराची मोठी कंपनी वगैरे काही नव्हतं. एकेका जहाजाचे चौसष्ट वाटे पडायचे, ज्याला जेवढे झेपतील तेवढे त्याने घ्यायचे. जहाज बुडालं तर वाटा बुडाला. आलं तर मिरी वाटून घ्यायची आणि मोकळं व्हायचं. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी माल देऊन वाटे घेतले. दोरवाल्याने दोर दिले, शिडं शिवणाऱ्याने शिडं. वेसेलने पाव द्यायचं कबूल केलं.

जहाजाचा पाव घरच्या पावासारखा नसतो. थाळीसारखा चपटा, दोनदा भाजलेला, आणि मग भट्टीवरच्या माळ्यावर मंद उबेत कित्येक दिवस वाळवलेला. मोडला की कट्कन आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर आत पाणी आहे. आणि आत पाणी असलं की उष्ण समुद्रात शिरल्यावर तो पाव हिरवा पडतो. हे वेसेलला बापाने शिकवलं होतं, आणि शिकवताना एकदा कानाखालीही दिली होती.

माळा ऊबदार ठेवायचा तर खाली भट्टी पेटती हवी. आमच्याकडे लाकूड कमी. दलदलीतली माती कापून, वाळवून जाळतात, आणि ती विकत घ्यावी लागते. पाव वाट्यापोटी द्यायचा ठरला, त्यामुळे हातात एक नाणं येत नव्हतं. जळण मात्र रोज जात होतं.

शेवटचा घाणा माळ्यावर असताना जहाजाचा कारभारी बारेंट आला. गुटगुटीत माणूस, सतत घाईत.

"गुरुवारी निघायचं. वारा पूर्वेचा आहे."

"हा घाणा ओला आहे अजून," वेसेल म्हणाला. "आठवडा द्या."

"आठवडा? शेजारच्या होर्न बंदराची दोन जहाजं पुढे गेलीसुद्धा! आधी येईल त्याच्या मिरीला भाव. मागून येईल त्याने ती कोंबड्यांना घालायची. तू काय रोजंदारीवर आहेस, की वाटेकरी?"

"वाटेकरी," वेसेल म्हणाला.

"मग वाटेकऱ्यासारखा विचार कर."

बारेंट गेल्यावर वेसेलने माळ्यावर जाऊन एक पाव उचलला आणि दोन्ही हातांनी दाबला. आवाज आला नाही. पाव वाकला, चामड्याच्या तुकड्यासारखा, आणि सोडल्यावर हळूच परत सरळ झाला. लीस्बेट शिडीवर उभी होती. तिने पाहिलं.

"परत पसर," ती म्हणाली.

"जळण कुठे आहे?"

"उसनं आण."

त्याने तो पाव पिपाच्या तळाशी ठेवला आणि वर बाकीचे रचले.

धक्क्यावर पिपं ताब्यात घ्यायला जेल्मर होता. जहाजाची कोठी सांभाळायचं काम त्याच्याकडे. आमच्याच गल्लीतला, त्याची बायको त्रेन मासळीबाजारात बसायची. जेल्मरने एका पिपावर बोटाच्या पेरांनी ठकठक केलं आणि हसला. "काय मालक, या पावाने माझे दात गेले तर भरपाई त्रेनला द्या बरं का!"

वेसेलने पीप ढकललं. "तुझ्या तोंडात दात आहेत म्हणून बोलतोस," असं काहीतरी तो म्हणाला म्हणतात.

तिसऱ्या उन्हाळ्यात जहाज आलं. पाण्यात इतकं खोल बसलेलं की लांबून बुडतंय असं वाटावं. चर्चची घंटा वाजली. निम्म्याहून जास्त माणसं आली नव्हती, पण जहाजाच्या पोटात मिरी भरलेली होती, आणि घंटा वाजवणाऱ्याचाही अर्धा वाटा होता. त्या आठवड्यात गाव शिंकत होतं. रोकड कमी म्हणून बारेंटने वाटे मिरीतच दिले. वेसेलच्या वाट्याला पोतीच्या पोती आली. त्याच्या घरात कोरडी जागा एकच, पाव वाळवायचा माळा. तिथे ती रचली.

माणसं का मेली याची चौकशी झाली. ती लवकर संपली. सुकाणूवाला म्हणाला, पाव सडला. सडला कारण उष्ण समुद्रात जेल्मर कोठीची झडप दिवसदिवस उघडी टाकायचा, दमट हवा आत शिरली. जेल्मर उत्तर द्यायला नव्हता. परतीच्या वाटेवर तो मेला आणि त्याचं प्रेत समुद्रात सोडलं होतं. कोठीवाल्याच्या हलगर्जीने नुकसान झालं, सबब त्याची मजुरी बंद, असं ठरलं. मासळीबाजारात त्रेनच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. ज्यांचे नवरे आले नव्हते त्या तिच्या टोपलीकडे बघून थुंकायच्या. ती मान वर करून बसायची. मान वर करायला किती जोर लागतो ते तिच्या गळ्याच्या शिरांवरून कळायचं.

वेसेल तिला पावाबरोबर एखादा जास्तीचा तुकडा द्यायचा. ती परत ठेवायची. "वजनात काय बसतं तेवढंच द्या, मालक."

एके दिवशी सिब्रांट पाव घ्यायला आला. परत आलेल्या खलाशांपैकी एक. हिरड्या सुजून दात गळालेले.

"मऊ दे, म्हातारबा. दात समुद्राने खाल्ले."

लीस्बेटने त्याला स्टुलावर बसवलं. तो दुधात बुडवून खात बोलत राहिला. "तो जेल्मर वेडा होता बघ. रोज पाव वर आणायचा आणि जुन्या शिडावर उन्हात पसरायचा, बायका कपडे पसरतात तसा. एकेक उलटायचा. कप्तान शिव्या घालायचा, झडप लाव म्हणून. लाट आली की सगळं भिजायचं. हा पुन्हा पसरायला हजर."

"काही म्हणायचा का?" वेसेलने विचारलं.

"कोण, तो? गाणी म्हणायचा. बेसूर."

"पावाबद्दल?"

"पावाबद्दल काय म्हणणार? पाव तो पाव." सिब्रांटने वाडगा चाटला. "वेडा. पण मेला तेव्हा कुणी हसलं नाही."

तो गेला. झडप का उघडी होती ते गावात आता दोघांनाच कळलं होतं, वेसेलला आणि शिडीवरून पाहणाऱ्या लीस्बेटला. जो आठवडा त्याने दिला नाही, तो जेल्मर समुद्रावर भरून काढत होता.

तो बारेंटकडे गेला. बारेंटने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

"हे बघ. वाटेकऱ्याने वाटेकऱ्यांवर खटला करायचा? मग दोरवाल्याला विचारतील, तुझे दोर कसे होते. शिडवाल्याला विचारतील. तुझ्या माळ्यावर पोती आहेत ना? ती सांभाळ. मेलेल्याला नाव नसतं."

"त्याची बायको आहे."

"ती कमावती आहे," बारेंट म्हणाला.

शरद उतरला, हवा दमट झाली, आणि माळ्यावरच्या मिरीचा वास खाली पिठात उतरला. लीस्बेटने पीठ दुसरीकडे हलवलं. वास तिथेही गेला. गल्लीभर घरोघरी पावाला तो येत होता आणि कुणी काही बोलत नव्हतं. उलट दोरवाल्याची बायको म्हणायची, श्रीमंतांचा पाव असाच असतो.

बोलली ती त्रेन. "मालक, पावाला मिऱ्यांचा वास येतोय."

"वर पोती आहेत."

"जेल्मरची पेटी आली ना घरी, तिलाही असाच येतो. आमच्या लेकीला वाटतं, बापाचाच वास तो. उशाशी घेते पेटी." तिने टोपली सावरली. "आणि पाव खायला नको म्हणते. बापाचा वास खाऊ कसा, म्हणते."

दुसऱ्या सकाळी शिंग वाजलं. मी रांगेत होते. आधी कधी वाजलं नव्हतं इतका वेळ ते वाजत राहिलं. लोक बिनटोपलीचेसुद्धा बाहेर आले. मग वेसेलने शिंग फळीवर ठेवलं. त्याचे हात पिठाने पांढरे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला सुचत नव्हतं.

"जहाजाला शेवटचा घाणा मी ओला भरला," तो म्हणाला. "मोडून पाहिला होता. वाकला. ठाऊक असून भरला. जेल्मरने झडप उघडली ती पाव वाळवायला. त्याने माझं काम केलं."

आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकीच्या घरात कोपऱ्यात निदान एक छोटं पोतं होतं. आम्ही एकमेकींच्या टोपल्यांकडे पाहत राहिलो. मग दोरवाल्याच्या बायकोने घसा खाकरून विचारलं, "आज गव्हाचाच आहे, की राय धान्याचा पण?"

त्रेन पुढे आली. तिने फळीवरचा एक पाव उचलला, त्याच्याकडे बघत मधोमध मोडला, दोन्ही अर्धे डोळ्यांजवळ नेऊन आत पाहिलं. पैसे ठेवले आणि निघून गेली.

बारेंटने जेल्मरची मजुरी तरीही दिली नाही. वेसेलने पोती त्रेनच्या दारी नेली. तिने ती माशाच्या तराजूवर तोलून नवऱ्याच्या मजुरीएवढी घेतली, बाकी परत केली. तोवर होर्नची जहाजं येऊन पोहोचली होती, वाटेत कुठे अडकली होती कोण जाणे, आणि मिरीचा भाव निम्म्याखाली गेला होता. मजुरी भरायला बरीच पोती गेली. उरलेली वेसेलने विकली. विकावीच लागली, पिठाचं देणं होतं. वास मात्र त्या माळ्याच्या लाकडातून कधी गेला नाही.

मासळीबाजारात त्रेनच्या शेजारी बायका पुन्हा बसू लागल्या, कुणी काही न बोलता.

शिंग पुढे लीस्बेट फुंकायची. वेसेल आत असायचा, पण त्रेन आली की बाहेर यायचा. ती मरेपर्यंत त्याच्याकडूनच पाव घेत होती. घेण्याआधी रोज तिथेच, त्याच्यासमोर, तो मोडायची. ताजा पाव, त्याला आवाज कुठला असणार! वेसेल तरी दर वेळी मान खाली घालून, कान देऊन उभा राहायचा.