तसा एक फोटो

सोनईच्या पेठेत मच्छिंद्रचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाची जोडपी यायची. नवरा खुर्चीवर, बायको मागं उभी, डोक्यावर पदर, नजर जमिनीला. मच्छिंद्रची बायको राहीबाई नवऱ्यांच्या टोप्या झटकायची, नवरींच्या निऱ्या सारख्या करायची. पण स्वतः ती नवऱ्याशेजारी कॅमेऱ्यापुढं कधी बसली नव्हती. फोटोवाल्याच्या बायकोला फोटोचं काय अप्रूप, असंच सगळे धरून चालले होते.

दुष्काळाच्या साली कारखान्यातला एक नवा कारकून बायकोला घेऊन आला. बेलबॉटम, कानावर केस. त्यानं बायकोला शेजारी बसवून खांद्यावर हात टाकला. तिचा पदर घसरला, तो तिनं सावरलाही नाही, हसत राहिली. मच्छिंद्रनं तो फोटो दर्शनी काचेत लावला. कॉलेजची पोरं घोळक्यानं बघायची, म्हातारे तोंड फिरवायचे. राहीबाई सकाळी काच पुसायची, तेव्हा त्या हातापाशी तिचं फडकं थांबायचं.

मग गावचे वडीलधारे आप्पासाहेब आले. पेठेतून लेकीसुना जातात, ही थेरं आत ठेव, असं बजावून गेले. मच्छिंद्रनं मुकाट्यानं फोटो उतरवला.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावता लावता राहीबाई म्हणाली, "लक्षुमी-नारायनाची तसबीर रोज पुजतो आपन. ती तर मांडीवर बसलीय."

"द्येवाचं येगळं."

"मला तसा एक फोटो पायजे. तुमच्यासंगं."

त्यानं हात जोडले आणि जेवायला बसला. पण दोन-चार दिवसांनी, दुपारी गिऱ्हाईक नसताना, त्यानं शेजारच्या छबूबाईला बोलावलं. कॅमेऱ्याच्या भिंगाची टोपी कधी काढायची, कधी लावायची, ते शिकवलं, टोपी उघडी असेतो हललं तर फोटो पुसट येतो असं सांगितलं आणि राहीबाईशेजारी बसला, मधे वीतभर जागा सोडून.

"भावजी, सरका की," छबूबाई म्हणाली. "बायकू हाय, इंचू न्हाई."

तो सरकला. हात उचलला. टोपी निघाली, आणि राहीबाईचा पदर घसरला. बाईच्या डोक्यावर पदर बघायची त्याची जन्माची सवय. मच्छिंद्र चटकन उठला, तिच्या डोक्यावर पदर ओढला. छबूबाई हसण्याच्या नादात टोपी लावायचं विसरली.

फोटोत राहीबाई स्वच्छ आली. शेजारी नुसता धूर, आणि डोक्यावर एक पुसट हात.

बिघडला, दुसरा काढू, असं तो म्हणाला. मग लग्नसराई आली, पुढं कामंच कामं. दुसरा राहूनच गेला. राहीबाईनं पुन्हा विषय काढला नाही.

मात्र फोटोला नवरी आली की ती तिचा पदर हळूच मागं सारायची, केस दिसतील इतका. आणि तिच्या नवऱ्याला म्हणायची, "हात टाका खांद्यावर. आन् फोटू निघंस्तवर उठू नका."