समोरचे काका आणि जगाचे रंग

सामना कसा बघावा हे साऱ्या जगात एकाच माणसाला कळतं आणि तो माणूस शनिवार पेठेत, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. बाकीचे आम्ही सगळे आपले चेंडू बघतो. समोरचे काका बघतात छातीवरचं चिन्ह आणि अंगावरचा रंग. काल कोण जिंकलं असं विचारलं तर "पेपरात आलंय की" एवढंच उत्तर मिळतं. पण फ्रान्सच्या छातीवर कोंबडा का, इटलीच्या ध्वजात नावालाही नसलेला निळा रंग खेळाडूंच्या अंगावर कुठून आला, ऑस्ट्रेलियाच्या टोपीवर कांगारू आणि एमूच का, असलं काही विचारा. काका काकूंना चहा टाकायला सांगतात आणि आपली संध्याकाळ गेली असं समजायचं. "कांगारू आणि एमू, दोघांनाही मागे चालता येत नाही म्हणतात," ते सांगतात. "आपल्या फलंदाजांनी बघून ठेवायला हरकत नाही."

कोणाची बाजू घ्यायची हेही चिन्हावरून ठरतं. श्रीलंकेच्या सिंहाबद्दल त्यांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. "सिंह चालेल. पण त्याच्या हातात तलवार कशाला? पंजे आहेत ना त्याला?" तिसऱ्या मजल्यावरच्यांचा आयटीतला जावई एकदा स्वारगेटच्या फुटपाथवरून घेतलेला ब्राझीलचा शर्ट घालून जिन्यात भेटला. चिन्हावर एकेका विश्वचषकाचा एकेक तारा असतो, आणि त्या शर्टावर चांगले सात होते. काकांनी चष्मा वर करून ते मोजले आणि म्हणाले, "वरचे दोन विश्वचषक कधी जिंकले? आम्हाला कळवायचं तरी." जावई म्हणाला, "काका, चिल, टी-शर्ट आहे फक्त." काका म्हणाले, "मग साधा घ्यायचा." तो जावई सासुरवाडीला अजून येतो, पण लिफ्टने.

विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना आमच्या इमारतीत भलताच मान होता. गणेशोत्सवातल्या क्रिकेटला दोन्ही विंगांचे रंग तेच ठरवत आणि का ठरवले ते अर्धा तास समजावून सांगत. रंगांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, आणि त्या शेवटच्या शब्दाला ते जिवापाड जपत.

काकूंची मात्र आम्हाला दया यायची. सामना चालू असला की त्या शेजारी मेथी निवडत बसायच्या आणि अखंड बोलायच्या. "अहो, लालवाल्यांकडे आला बघा चेंडू. आता हिरव्यानं पाडलं त्याला. बाई गं, परत लाल." काका खेकसायचे, "डोळे आहेत मला! तू भाजी बघ." काकू हसायच्या आणि पुढचा लाल-हिरवा चालू करायच्या. आम्हाला वाटायचं, भोळ्या आहेत बिचाऱ्या. मंडईत मात्र त्या काकांना कधी पाठवत नसत. एकदा काका स्वतःहून टोमॅटो घेऊन आले ते निम्मे कच्चे. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "चटणीच खायची होती मला."

हिवाळ्यात भरलेल्या फुटबॉलच्या विश्वचषकाच्या तोंडावरच काकू मुलीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला गेल्या. काका थंडीला घाबरून मागे राहिले. निघताना काकू मला जिन्यात म्हणाल्या, "सामन्याच्या वेळी जाऊन बसत जा रे त्यांच्याजवळ. आणि बोलत राहा. लाल, हिरवे, असं. ओरडतील, ओरडू दे." मला वाटलं, घर ओकंबोकं वाटू नये म्हणून सांगत असतील.

त्या वर्षी काकांनी टीव्हीच लावला नाही. "यंदाचे पोशाख बघवत नाहीत," म्हणाले. एका संध्याकाळी मीच जाऊन लावला. एक संघ लाल, दुसरा हिरवा. काकांना बडबड आवडत नाही हे ठाऊक असल्यामुळे मी शहाण्यासारखा गप्प बसलो. अर्ध्या तासाने गोल झाला आणि काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा! हिरव्यांनी केला शेवटी!"

"काका, लालनी केला."

काकांनी चष्मा काढला, लुंगीच्या टोकाने पुसला, परत घातला. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला आणि माझी मलाच लाज वाटली. काकू इतकी वर्षं काय करत होत्या ते इमारतीत कुणालाच कळलं नव्हतं. मी घसा खाकरून सुरू केलं, "लाल डावीकडून येतायत. हिरव्यानं अडवलं. आता हिरव्यांकडे." काका खेकसले नाहीत. त्यांनी रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज बंद केला.

"वाचून पाठ केलंय सगळं," ते म्हणाले. "हे दोन रंग मला लहानपणापासून सारखेच दिसतात. खाली कुणाजवळ बोलू नकोस."

"नाही बोलत. काकूंना माहीत आहे?"

"मी सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही." त्यांनी रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "लग्नात ही हिरवा शालू नेसली होती. अजून सगळे म्हणतात, काय खुलला होता तो रंग हिला! मला आपला मातकट दिसला. आयुष्यभर मी मान डोलावतोय, हो, खुलला होता म्हणून." त्यांनी चष्मा पुन्हा काढला. "पण सुंदर दिसत होती रे. त्या मातकटातसुद्धा फार सुंदर दिसत होती. ते मात्र मला कुणी सांगावं लागलं नाही."

पडद्यावर कुणीतरी गोल केला असावा, कारण सगळे धावत सुटले होते. कोणत्या रंगाने केला ते आम्हा दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही.