भाकरीची कोठडी

"तुम्ही कोन शेतस? आनि कोनाकरता भरतस?" खिडकीशी कोणी पैसे भरायला आलं, की नाना हे दोन प्रश्न तीन-तीनदा विचारत. एका मुनीमाने वैतागून "अहो, बहिरे आहात की काय?" असंही सुनावलं, पण नाना ढिम्म. तिसऱ्यांदा उत्तर ऐकल्याशिवाय त्यांच्या पेनाचं टोपण निघत नसे.

नाना आमच्या तालुक्याच्या तुरुंगात हेडक्लार्क. धुळ्याकडचे, त्यामुळे बोलणं अस्सल अहिराणी. मी असोद्याहून चौऱ्याऐंशी साली तिथे कारकून म्हणून लागले, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी मला मागच्या अंगाची दिवाणी कोठडी दाखवली. देणं न फेडणाऱ्यांसाठी ती इंग्रजांच्या काळात बांधलेली. विणकर, तेली, शिंपी, कितीजण तिथे सडून गेले! दिवस मोजायला त्यांनी भिंतीवर ओढलेल्या रेघा चुना दिला तरी दिसत. पोरं हट्ट करू लागली की आया कोठडीचं नाव घेऊन भीती घालत.

लोक तिला भाकरीची कोठडी म्हणत. कारण आतल्या माणसाच्या जेवणाचा खर्च सरकार देत नसे, ज्या सावकाराने त्याला आत घातलं त्यानेच तो दर महिन्याला आगाऊ भरायचा. एक तारखेच्या आत पैसे आले नाहीत, की माणूस मोकळा, आणि त्याच देण्यापायी त्याला पुन्हा धरायची सोय नाही. "पोरी, हाऊ कैदी नही शे, पाव्हना शे," नाना सांगत. "सावकार कंटाळना का हाऊ सुटना." एक तारखेला नाना मुद्दाम धुतलेला सदरा घालून यायचे. कोणी सुटलाच, तर स्वतः फाटकापर्यंत जायचे आणि त्याला चहा पाजूनच एसटीत बसवायचे.

तेव्हा मात्र ते कोणाला तीनदा विचारत नसत. ती सवय सुपडूनंतरची.

सुपडू सावद्याचा, केळीच्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवणारा. मेहुण्याच्या ट्रकसाठी जामीन राहिला, मेहुणा पसार झाला आणि हा आत आला. सावकाराने पहिल्या महिन्याचे पैसे भरले. दुसऱ्या महिन्याचे घेऊन एक बाई आली. सावकाराचंच नाव सांगितलं, गाठोड्यातून चुरगळलेल्या नोटा काढल्या आणि अंगठा उठवला. सावकाराकडची कामवाली असेल, असं आम्ही धरून चाललो. तिसऱ्या महिन्यालाही तीच आली. दोन्ही पावत्या मीच लिहिल्या, नानांनी सह्या केल्या.

तिसऱ्या महिन्यात सुपडूला ताप भरला आणि आठवड्यात तो गेला. त्याचे कपडे न्यायला बायको आली. पाहतो तर तीच बाई! मथुराबाई. खिडकीशी बसून रडत म्हणाली, "सावकारानं सांगलं, आता तू भर, नाही तं तुह्या मालकाचं जेवन बंद. दोन बकऱ्या इकल्या मी. तरी असा कसा वाळला हो माहा मालक?"

तिने पैसे भरले नसते, तर दुसऱ्या महिन्याच्या एक तारखेलाच नानांनी सुपडूला एसटीत बसवला असता. बायकोनेच नवऱ्याला कोंडून ठेवलं होतं, भुकेने मरू नये म्हणून. आणि आम्ही दोघं शहाणे साधं "बाई, तू कोण?" एवढंही विचारू शकलो नाही! एक तारखेचा धुतलेला सदरा नानांनी पुन्हा कधी घातला नाही.

मथुराबाई दरवर्षी उन्हाळ्यात नानांसाठी ज्वारीची बिबडी, उन्हात वाळवलेले पापड, घेऊन यायची. "तुम्ही त्याले उपाशी नाही ठेवलं," म्हणून. नाना दोन्ही हातांनी घ्यायचे आणि ती गेली की शिपायांना वाटून टाकायचे. एकदा न राहवून मी म्हणाले, "नाना, सांगून टाका तिला. असं किती वर्षं घेणार?"

नाना चिडले. "काय सांगू? तिनी त्याले जेवाडं, तिनाजवळ तेवढंच उरेल शे. ते बी काढी लेऊ का?"

नाना निवृत्त झाले, धुळ्याला गेले आणि दोन वर्षांत वारले. त्या उन्हाळ्यात मथुराबाई आली तेव्हा खिडकीत मी होते. नाना गेल्याचं कळल्यावर ती बराच वेळ डोळे पुसत राहिली. मग बिबड्यांचं गाठोडं माझ्यापुढे सरकवलं. "मंग तुम्ही ठेवा, बाई."

मी सांगणार होते, खरंच. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात तिने कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या दोन पावत्या काढल्या. घडीवर फाटलेल्या, शिवणीच्या दोऱ्याने सांधलेल्या.

"माह्या मालकाच्या जेवनाच्या," ती म्हणाली. "देवाजवळ ठेवते मी. हे अक्षर तुमचंच ना, बाई?"

मी हो म्हणाले.