वहिनी गप्प झाल्या तेव्हा

इस्त्रीच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा गुन्हा एवढाच होता, की शर्टाच्या खिशात बॉलपेन राहिलं होतं. दुकान चालवणाऱ्या वहिनींनी ते दोन बोटांत उचलून मला असं काही झापलं, की शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकं रांग सोडून ऐकायला आली. मी तर इतका आक्रसलो, की घरी तोच शर्ट मला दोन मापं मोठा झाला. गल्ली त्यांना 'तोफ' म्हणायची. त्यांचे यजमान मागे बसून मुकाट कपड्यांवर पाणी शिंपडायचे. लग्न झाल्यापासून बोलायला थांबलोय, अजून माझी पाळी आलेली नाही, असं सांगायचे.

या तोफेला फिट यायच्या. एकदा तापलेली इस्त्री हातात असतानाच आली आणि मनगट भाजलं. औषधं हरली तेव्हा, एखादी फिट जिवावर बेतेल म्हणून, डॉक्टरांनी मेंदूची शस्त्रक्रिया सुचवली. फिट सुरू व्हायची ती डाव्या बाजूला, आणि बहुतेकांचं बोलणंही तिथेच असतं. वहिनी पडल्या डावखुऱ्या. त्यांचं कदाचित उजवीकडे असेल, एवढीच आशा. ते बघायला मेंदूची एकेक बाजू औषधाने काही मिनिटं झोपवून माणसाला बोलतं करणार होते.

"दोन्हीकडे असणार. हिचं एका बाजूत मावायचं नाही," यजमान म्हणाले. एव्हाना मी घरचाच झालो होतो, म्हणून सोबत गेलो होतो; तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही दोघंही हसलो.

डॉक्टर बाहेर आले. उजवी बाजू झोपवल्यावर वहिनींनी चित्रं धडाधड ओळखली होती, वर ती मळकी आहेत म्हणून डॉक्टरांना सुनावलं होतं. डावी झोपवली, आणि त्या गप्प झाल्या. शस्त्रक्रिया केली तर शब्द जातील. किती, ते आधी सांगता येत नाही.

घरी यजमान विनवत राहिले. "जन्मभर बोलू नकोस माझ्याशी. पण राहा."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावोजी, तुम्ही सांगा यांना. चित्रातला कंगवा समोर दिसत होता. कंगवाच आहे हे कळत होतं. पण तोंडात काहीच नव्हतं. तसं जगायला नाही जमणार मला."

त्यांना इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. यजमान उठून आत गेले.

शस्त्रक्रिया झाली नाही. पुढच्या वर्षी वहिनींना झोपेतच फिट आली आणि त्या गेल्या. यजमानांनी दुकान विकलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.